चारचौघांत उठून दिसणारें पान

दिवाळीच्या सुमारास पुस्तकांच्या दुकानासमोर उभें राहिलें असतां एक मौजेचा देखावा दृष्टीस पडतो. दोरीला टांगलेले, फळीवर मांडलेले, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून बसलेले विशेषांक गिऱ्हाइकाची वाट पाहत असतात. एकाचें नांव लाल, तर दुसऱ्याचें सोनेरी. एकानें मुखपृष्ठाच्या चारी कोपऱ्यांत फुलें भरलेलीं असतात, तर दुसऱ्यानें अक्षरांनाच वेली फोडलेल्या असतात. प्रत्येकाची धडपड एकच, कीं आपण इतरांहून निराळें दिसावें. परंतु लग्नघरांत सगळेच वऱ्हाडी एका वेळीं बोलूं लागले म्हणजे जसें कोणाचेंच बोलणें ऐकूं येत नाहीं, तसें येथेंहि होतें. सगळेच निराळे झाल्यामुळें सगळे सारखेच दिसूं लागतात. आणि गिऱ्हाईक अखेरीस जो अंक उचलतें, तो बहुधा गेल्या वर्षीं ज्यानें त्याला निराश केलें नाहीं तोच असतो.

तेव्हां पान निराळें दिसतें तें कशानें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. तो केवळ प्रकाशकांचा किंवा छापखानेवाल्यांचा आहे असेंहि नाहीं. शाळेचें हस्तलिखित मासिक, गणेशोत्सवाची स्मरणिका, घरच्या कार्याची निमंत्रणपत्रिका, फार काय, वाचनालयाच्या दारावर लावावयाची सूचना, असें कोणतें ना कोणतें पान मांडण्याचा प्रसंग बहुतेक सुशिक्षित कुटुंबांवर केव्हां तरी येतोच. आणि त्या मांडणींत पणाला लागलेलें असतें तें थोडेंथोडकें नसतें. लेख वाईट म्हणून तो वाचला गेला नाहीं, तर त्यांत न्याय आहे. परंतु कोणी महिनाभर खपून लिहिलेला चांगला लेख, केवळ ओळी दाटीनें बसविल्यामुळें किंवा शीर्षक वेलबुट्टींत हरवल्यामुळें वाचकानें बाजूला ठेवला, तर लेखकावर अन्याय होतो आणि वाचकाचेंहि नुकसान होतें. त्या दोघांच्या मध्यें उभा असतो तो मांडणी करणारा. दोघांचेंहि हित त्याच्या हातीं असतें.

या प्रश्नाचें उत्तर शोधतांना प्रथम आपल्याकडील जुन्या पोथ्यांकडे पाहणें सोयीचें होईल. पोथीचें पान आडवें, लांबट व अरुंद कां? तर तिचें मूळचें साहित्य ताडपत्र, आणि ताडाचें पान लांबटच असतें. पानें एकत्र राहावीं म्हणून त्यांना भोंक पाडून दोरा ओंवीत. यास्तव लेखक त्या भोंकाभोंवतीं थोडी जागा मोकळी सोडीत असे. पुढें कागद आला आणि दोऱ्याची गरज उरली नाहीं. तरीहि कित्येक लेखकांनीं पानाच्या मध्यभागची ती मोकळी जागा तशीच राखली आणि तिच्यांत एखादें फूल किंवा रंगीत ठिपका काढला. गरजेंतून निघालेली गोष्ट पुढें शोभा झाली ती अशी.

याहूनहि शिकण्यासारखी आहे ती ‘त्रिपाठ’ पद्धतीची पोथी. हिच्यांत मूळ ग्रंथ पानाच्या मध्यभागीं मोठ्या अक्षरांत लिहीत, आणि टीका त्याच्या वर व खालीं बारीक अक्षरांत. टीका दोन्ही बाजूंच्या समासांतहि उतरली म्हणजे तो ‘पंचपाठ’ होई. श्लोकांचे अंक, ‘उवाच’ सारखे शब्द वगैरे तांबड्या रंगानें उठवीत. चुकलेल्या अक्षरावर पिंवळ्या हरताळाचा लेप देत, आणि त्यामुळेंच ‘हरताळ फासणें’ हा शब्दप्रयोग आजहि भाषेंत टिकून आहे. या पोथीसमोर बसलेल्या विद्यार्थ्याला मूळ कोठें आणि भाष्य कोठें हें कोणास विचारावें लागत नाहीं. टीकेचा धागा सुटला तर डोळा वर उचलतांच मूळ सांपडतें. लिहिणाऱ्यानें पान सुंदर करावयाचें असा संकल्प सोडला नव्हता; शिकणाऱ्याची अडचण दूर करावी एवढाच त्याचा उद्देश होता. तरी तीं पानें आज संग्रहालयांत कांचेखालीं जपून ठेवावीं इतकीं देखणीं झालीं.

आतां छापील मराठी पानाकडे वळावें. ६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकर यांनीं मुंबईस ‘दर्पण’ सुरू केलें. मराठी वृत्तपत्रांचा इतिहास या पत्रापासून धरतात. त्याच्या पानावर दोन स्तंभ असत, एकांत मराठी मजकूर आणि शेजारच्या दुसऱ्यांत इंग्रजी. ही रचना नवलाई म्हणून केलेली नव्हती. एतद्देशीयांना पाश्चात्त्य विद्येची ओळख व्हावी आणि इंग्रजांनाहि येथील लोकांच्या मनांत काय चाललें आहे तें कळावें, असा दुहेरी हेतु त्या पत्राच्या पोटीं होता. तो हेतु अग्रलेखांत शंभर वेळां सांगितला असता तरी जितका ठसला नसता, तितका त्या शेजारी शेजारी उभ्या राहिलेल्या दोन स्तंभांनीं ठसविला. पान उघडलें कीं पत्र कोणासाठीं आणि कशासाठीं निघालें आहे तें दिसे. आतां एखाद्या केवळ मराठी पत्रानें ‘दर्पण’ निराळें दिसतें म्हणून आपल्या पानाच्या मधोमध तशीच रेघ ओढली असती, तर तिच्यांत अर्थ काय राहिला असता? रेघ तीच, परंतु तिच्यामागील कारण नाहींसें झालें असतें.

कारण सोडून केवळ रूप उचलण्याची ही खोड फार जुनी आहे. तिचा एक बोधप्रद दाखला युरोपांत मुद्रणकलेच्या बाल्यावस्थेंतच सांपडतो. सुमारें १४५५ च्या सुमारास जर्मनींत गुटेनबर्गनें बायबल छापलें, त्यानंतर अर्धशतक लोटलें होतें. इटलींतील व्हेनिस शहरीं आल्डुस मानुटियस नांवाचा विद्वान मुद्रक होता. त्या काळीं लॅटिन कवींचे ग्रंथ बहुधा मोठ्या जाडजूड आकारांत निघत. मध्यें काव्य आणि सभोंवतीं टीकेचा वेढा. असा ग्रंथ मेजावर ठेवूनच वाचावा लागे. आल्डुसनें निराळ्या वाचकाचा विचार केला. शाळा संपविलेला, कामाधंद्याला लागलेला, प्रवासांत असणारा, तरीहि काव्याचा रसिक असा तो वाचक होता. त्याला टीका नको होती, हातांत मावेल असें काव्य हवें होतें. म्हणून १५०१ सालीं आल्डुसनें व्हर्जिल कवीचें काव्य, ताव तीनदां दुमडून होणाऱ्या लहान आकारांत, टीकेशिवाय छापलें. त्यासाठीं फ्रान्चेस्को ग्रिफो या कुशल कारागिराकडून त्यानें उजवीकडे कललेलें, हस्ताक्षराच्या वळणाचें, थोड्या जागेंत बसणारें अक्षर कोरून घेतलें. रोमन लिपींतील ज्या तिरप्या अक्षराला आज इटॅलिक म्हणतात, त्याचा हा आरंभ होय.

पुस्तकें लोकप्रिय होतांच फ्रान्समधील ल्यों शहरच्या मुद्रकांनीं त्यांच्या हुबेहूब नकला काढण्यास सुरुवात केली. तोच आकार, तसेंच तिरपें अक्षर. तेव्हां १५०३ सालीं आल्डुसनें एक जाहीर पत्रक काढून वाचकांस सावध केलें. त्या पत्रकांत त्यानें नकली पुस्तकांतील छपाईच्या चुका एकामागून एक दाखवून दिल्या. त्याच्या स्वतःच्या पुस्तकांवर नांगर व त्याला वेढा घातलेला डॉल्फिन अशी खूण येऊं लागली होती. परंतु खरें पुस्तक ओळखण्याची सर्वांत मोठी खूण म्हणजे त्यांतील शुद्ध पाठ, हेंच त्या पत्रकानें सिद्ध केलें. ल्योंच्या लोकांना अक्षराचें वळण चोरतां आलें. मुद्रितें तपासण्यामागील विद्वत्ता आणि चिकाटी चोरतां आली नाहीं.

चार शतकांनंतर इंग्लंडांत दोन माणसांनीं हाच प्रश्न दोन टोकांनीं सोडविला, आणि त्यांची तुलना करण्यासारखी आहे. पहिला विल्यम मॉरिस. यंत्रावर भराभर निघणाऱ्या, फिकट शाईच्या, कोंदट समासांच्या पुस्तकांना तो विटला होता. १८९१ सालीं त्यानें लंडनजवळ हॅमरस्मिथ येथें केल्मस्कॉट नांवाचा आपला छापखाना काढला. हातयंत्र, हातकागद, स्वतः रेखाटलेलें अक्षर, स्वतः काढलेल्या वेली असा तेथील थाट होता. १८९६ सालीं निघालेला त्याचा चॉसर कवीचा ग्रंथ या कलेचें शिखर मानतात. त्यांत बर्न-जोन्स या चित्रकाराचीं ८७ चित्रें आहेत. कागदावरच्या अवघ्या ४२५ प्रति निघाल्या आणि चर्मपत्रावरच्या १३; कागदी प्रतीची किंमत २० पौंड होती. मॉरिस त्याच वर्षीं वारला आणि ५३ ग्रंथ छापून तो छापखाना १८९८ मध्यें बंद झाला. ज्याच्या पदरीं पैसा व सवड आहे आणि जो ग्रंथ पाहण्यासाठींहि घेतो, अशा वाचकाचें तें पान होतें.

दुसरा अॅलन लेन. त्यानें १९३५ सालीं पेंग्विन पुस्तकमाला सुरू केली आणि पुस्तकाची किंमत ठेवली अवघीं सहा पेन्स. त्याचा वाचक आगगाडींतून कामाला जाणारा, खिशांत पुस्तक कोंबणारा होता. या पुस्तकांच्या वेष्टनावर चित्र नव्हतें. तीन आडवे पट्टे, त्यांतील मधला पांढरा. पट्ट्यांचा रंग कादंबरीला नारिंगी, गुप्तहेरकथांना हिरवा, चरित्रांना गर्द निळा. रंगावरून प्रकार ओळखावा, मधल्या पट्ट्यांत नांव वाचावें आणि गाडी सुटण्यापूर्वीं पैसे टाकून चालूं लागावें, अशी ती सोय होती. मालेचें चिन्ह ठरल्यावर एडवर्ड यंग या तरुण नोकरानें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत जाऊन पेंग्विन पक्षी प्रत्यक्ष पाहून त्याचें चित्र काढलें. भडक चित्रांच्या स्वस्त पुस्तकांमध्यें हीं साधीं पुस्तकें उठून दिसलीं.

वीस पौंडांचा ग्रंथ आणि सहा पेन्सांचें पुस्तक, दोन्ही आपापल्या ठिकाणीं यशस्वी झालीं, कारण दोन्हींनीं आपला वाचक ओळखला होता. मॉरिसच्या वेली पेंग्विनच्या वेष्टनावर काढल्या असत्या तर त्या हास्यास्पद झाल्या असत्या, आणि तीन पट्टे चॉसरच्या ग्रंथावर दरिद्री दिसले असते. ‘चांगलें पान कोणतें?’ हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. ‘कोणासाठीं?’ हा शब्द त्याला जोडल्याखेरीज त्याचें उत्तर मिळत नाहीं.

याच पेंग्विन संस्थेंत १९४७ ते १९४९ या काळांत यान चिखोल्ड नांवाच्या जर्मन मुद्रणतज्ज्ञानें काम केलें. हा गृहस्थ तरुणपणीं नवमताचा कडवा पुरस्कर्ता होता. १९२८ सालीं लिहिलेल्या पुस्तकांत त्यानें पानाच्या दोन बाजू समतोल ठेवण्याची जुनी पद्धति टाकून द्यावी आणि बिनटोकांचें साधें अक्षरच वापरावें असा आग्रह धरला होता. नाझी राजवट आल्यावर १९३३ सालीं त्याला अटक झाली व पुढें त्यानें स्वित्झर्लंडचा आश्रय घेतला. अनुभवानें त्याचें मत बदललें. कादंबरी वाचणाऱ्याला दर पानागणिक धक्का बसतां कामा नये, हें ओळखून पेंग्विनमध्यें त्यानें जुनी, समतोल, शांत मांडणीच पसंत केली. जुळाऱ्यांसाठीं त्यानें चार पानांचे नियम लिहिले. शब्दाशब्दांमधील जागा कमी व सारखी ठेवावी, विरामचिन्हांपुढें फाजील जागा सोडूं नये, अशा त्यांतील गोष्टी क्षुल्लक वाटतात. परंतु पांचशेंहून अधिक पुस्तकांच्या मांडणीवर त्यानें याच क्षुल्लक गोष्टींसाठीं नजर ठेवली, आणि त्या मालेचें रूप त्यांतूनच सुधारलें.

येथें एक सावधगिरीची सूचना अवश्य आहे. इंग्रजी पानाचे नियम जसेच्या तसे मराठी पानाला लावून चालत नाहींत. रोमन अक्षरें ओळीवर उभीं असतात, तर देवनागरी अक्षरें शिरोरेषेला टांगलेलीं असतात. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खालीं उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय. म्हणजे एका ओळीचे तीन मजले झाले. इंग्रजी पानाइतक्याच अंतरानें मराठी ओळी बसविल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो आणि वाचणाऱ्याचा डोळा त्या गर्दींत अडखळतो. म्हणून मराठी पानाला ओळींमध्यें मोकळीक अधिक लागते. तसेंच आपले शब्द प्रत्यय घेऊन लांब होतात. अरुंद स्तंभांत दोन्ही कडा सरळ राखण्याचा हट्ट धरला तर एका ओळींत तीनच शब्द बसतात आणि त्यांच्यामध्यें पांढरे ओहोळ वाहूं लागतात. सामान्य वाचनाच्या पानावर ओळींत आठ ते दहा मराठी शब्द असावेत. त्याहून ओळ फार लांब झाली तर पुढच्या ओळीचा आरंभ शोधतांना डोळा चुकतो, आणि फार आंखूड झाली तर वाचनाला उचक्या लागल्यासारखें होतें.

हें मर्म मुंबईच्या जावजी दादाजी यांनीं चांगलें ओळखलें होतें. १८६४ सालीं त्यांनीं खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना सुरू केला. देवनागरी छपाईला खिळ्यांचे शेंकडों प्रकार लागत. इतके ठसे एका वळणाचे, एका वजनाचे करणें हें मोठ्या चिकाटीचें काम होतें. निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथांत मूळ मोठ्या अक्षरांत, टीका त्याहून लहान अक्षरांत आणि पाठभेद तळाशीं आणखी बारीक अक्षरांत आढळतात. जुन्या त्रिपाठ पोथीचीच ती शिशाच्या खिळ्यांत उतरलेली आवृत्ति म्हणतां येईल. पानावर वेल नाहीं, फूल नाहीं. तरी निर्णयसागरचें पान जाणत्या वाचकाला दुरून ओळखूं येई आणि त्या अक्षराचा लौकिक साऱ्या हिंदुस्थानांतील पंडितांमध्यें पसरला.

अलीकडच्या काळांतील उदाहरण तर घरोघरच्या भिंतीवर टांगलेलें आहे. पंचांग हें मुळांत तिथि, वार, नक्षत्र, योग आणि करण या पांच अंगांचें पुस्तक. त्यांतील बारीक कोष्टकें वाचण्यास जाणकार लागतो. परंतु घरांतील गृहिणीला साऱ्या गणिताची गरज नसते. एकादशी केव्हां, संकष्टीचा चंद्रोदय किती वाजतां, सण कोणत्या वारीं, एवढें तिला कामाच्या घाईंत कळावयास हवें असतें. १९७३ सालीं जयंतराव साळगांवकर यांनीं ‘कालनिर्णय’ काढलें, त्यांत पंचांगांतील ही माहिती भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकटींत उतरविली. दर दिवसाला एक चौकोन, त्यांत मोठा तारखेचा अंक आणि भोंवतीं तिथि-नक्षत्र. पानाची मागील बाजू कोरी न सोडतां तीवर वाचनीय मजकूर दिला. तारखेच्या चौकोनांत दुधाचा हिशेब लिहिण्याची चाल कित्येक घरांत पडली. ज्या पानावर वाचक स्वतःच्या हातानें लिहूं लागतो, तें पान त्याचें झालें असें समजण्यास हरकत नाहीं. पुढें या रचनेचीं अनुकरणें पुष्कळ निघालीं, आणि त्यांचें कारणहि उघड आहे. चौकोन आंखणें सोपें असतें; घरांत कोणाला केव्हां काय शोधावें लागतें याचा अभ्यास करणें कठीण असतें.

आतां शाळेचें हस्तलिखित मासिक काढावयास बसलेल्या मुलांना, किंवा स्मरणिका सिद्ध करणाऱ्या मंडळींना, या सगळ्यांतून काय घेतां येईल? लेखणी हातांत घेण्यापूर्वीं तीन प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहावीं. वाचणारा कोण? तो कोठें बसून वाचणार? आणि त्याच्यापाशीं वेळ किती? मासिक वाचनालयाच्या मेजावर राहणार असेल तर आकार मोठा चालेल. घरोघर फिरणार असेल तर तो पिशवींत मावला पाहिजे. आजीआजोबांनाहि वाचावयाचें असेल तर अक्षर मोठें हवें, मग एखादा लेख कमी घ्यावा लागला तरी चालेल.

त्यानंतर समास आंखावे. मॉरिसनें समोरासमोरचीं दोन पानें मिळून एकच घटक मानावा असें सांगितलें, आणि शिवणीकडील समास सर्वांत लहान, वरचा त्याहून मोठा, बाहेरचा आणखी मोठा व तळाचा सर्वांत मोठा ठेवावा असा जुन्या ग्रंथांचा दाखला दिला. प्रत्येक समास आधीच्याहून सुमारें एक पंचमांशानें वाढवावा असें तें प्रमाण आहे. यांत केवळ सौंदर्य नाहीं, सोयहि आहे. पुस्तक धरणारे आंगठे बाहेरच्या व तळाच्या समासावर येतात. तेथें जागा नसेल तर वाचकाला मजकुरावरच आंगठा ठेवावा लागतो.

अक्षरांचे प्रकार फार नसावेत. मजकुराला एक आणि शीर्षकांना एक, एवढे पुरे. शीर्षक, उपशीर्षक आणि मजकूर यांचे दर्जे एकदां ठरले म्हणजे ते शेवटपर्यंत पाळावे. चित्र ज्या मजकुराचें असेल त्याच्या शेजारींच असावें. वाघाचें वर्णन एका पानावर आणि वाघ तीन पानें पुढें, असें झालें तर चित्राची किंमत निम्मी होते. रंग वापरावयाचा तर त्याला काम नेमून द्यावें. पोथी लिहिणारानें तांबडा रंग श्लोकाच्या अंकाला दिला आणि पेंग्विननें हिरवा रंग गुप्तहेरकथांना दिला. ज्या रंगाला काम नाहीं, तो पानावर नुसता हिंडत राहतो.

सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे रिकामी जागा सोडणें. काटकसरी मनाला कोरा कागद वांया गेल्यासारखा वाटतो. परंतु रांगोळी घालणारी गृहिणी सारें अंगण रेघांनीं भरून काढीत नाहीं. सारवलेली जमीन मोकळी राहते म्हणूनच मधली आकृति उमटते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाऊल ठेवावयास जागाहि उरते. पानावरचें कोरेपण तसेंच असतें.

एवढें करून मग एखादी स्वतःची खूण अवश्य ठेवावी, आणि ती अंकामागून अंक बदलूं नये. दर महिन्यास नवा थाट करणाऱ्या मासिकाची ओळख वाचकाला कधींच पटत नाहीं. शेजारी रोज निराळी पगडी घालून आला तर त्याच्याशीं नमस्कार करावा कीं नाहीं, असा संभ्रम पडणारच.

या विचारसरणीवर एक आक्षेप येण्याजोगा आहे. सगळें सोयीनेंच ठरवावयाचें तर कल्पकतेला वाव कोठें राहिला? याचें उत्तर वरील उदाहरणांतच आहे. टीका काढून टाकून काव्य खिशांत घालण्याची युक्ति, तीन पट्ट्यांत पुस्तकाची जात सांगण्याची युक्ति, पंचांग भिंतीवर टांगण्याची युक्ति, यांपैकीं कोणती कल्पनाशून्य म्हणावी? कल्पकतेला येथें जितका वाव आहे तितका कोपऱ्यांतील फुलें काढण्यांत नाहीं. मात्र ती कागदावर उतरण्यापूर्वीं वाचकाच्या घरांत, प्रवासांत व अडचणींत हिंडून यावी लागते.

पान तयार झाल्यावर त्याची परीक्षा घेण्याचे दोन साधे उपाय आहेत. पहिला, पान उलटें धरून हातभर अंतरावरून पाहावें. अक्षरें वाचतां येत नाहींत, त्यामुळें काळ्या-पांढऱ्याचा तोल तेवढा दिसतो आणि कोठें गर्दी झाली, कोठें भोंक पडलें, तें चटकन कळतें. दुसरा, तें पान घरांतील दहा वर्षांच्या मुलाच्या आणि सत्तरीच्या आजीच्या हातीं द्यावें. ‘कसें दिसतें?’ असें त्यांना विचारूं नये. कारण प्रेमापोटीं दोघेंहि ‘छान’ म्हणतील. ‘यांत काय आहे?’ असें विचारावें, आणि त्यांचें बोट प्रथम कोठें जातें तें पाहावें. बोट लेखाच्या नांवावर गेलें तर मांडणी साधली. तें वेलबुट्टीवर घुटमळलें तर वेलबुट्टी पुसावी.

शाळेच्या मासिकांत ज्या मुलाचा पहिलाच निबंध येतो, तो अंक हातीं पडतांच आधीं स्वतःचें पान शोधतो. तें पान स्वच्छ, सुवाच्य असेल आणि त्याची आजी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तें न अडखळतां वाचील, तर तो मुलगा पुढच्या अंकासाठीं लिहावयास आपण होऊन बसेल. त्या मुलाला समासाचें प्रमाण किंवा ओळींमधील अंतर ठाऊक असण्याचें कांहींच कारण नाहीं. तें मांडणी करणाराला ठाऊक असलें म्हणजे झालें.